आवाज आधी, चित्र मागाहून : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही महिन्यांत ॲनिमेशन आणि आवाजाच्या अभिनयाविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतली पाच या अंकासाठी निवडली आहेत. पहिल्या पत्रात माईक जज यांचे नाव आले आणि पुढची पत्रेही त्यांच्याच कामाभोवती फिरणारी निघाली, म्हणून उत्तरेही त्यांना धरूनच दिली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शाळेपासून शिक्षकांच्या आणि शेजाऱ्यांच्या नकला करतो, वहीच्या मागच्या पानांवर त्यांची चित्रेही काढतो. ‘बीव्हिस अँड बटहेड’ आणि ‘किंग ऑफ द हिल’ या मालिकांचे जनक माईक जज हे मूळचे पदार्थविज्ञानाचे पदवीधर आहेत, असे वाचले. त्यांचा प्रवास सविस्तर सांगाल का? माझी चार वर्षे वाया चालली आहेत, ही टोचणी मला सतत लागलेली असते. — एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : जज यांची गोष्ट सांगताना लोक त्यांनी नोकरी सोडल्याचा प्रसंग रंगवून सांगतात. त्या नोकऱ्यांमध्ये त्यांच्या कानावर काय पडले, याकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच दिसते.

जज यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९६२ रोजी इक्वेडोरमधील ग्वायाकिल येथे झाला. वडील पुरातत्त्वज्ञ, आई ग्रंथपाल. बालपण अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की शहरात गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील शाखेतून त्यांनी १९८५ साली पदार्थविज्ञानाची पदवी घेतली आणि एफ-१८ या लढाऊ विमानाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांची चाचणी करणाऱ्या प्रकल्पात प्रोग्रामर म्हणून काम धरले. पुढे १९८७ मध्ये ते सिलिकॉन व्हॅलीतील एका लहान कंपनीत गेले, पण तिथले वातावरण त्यांना मानवले नाही आणि तीन महिन्यांच्या आत ते बाहेर पडले. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी ब्लूज संगीत वाजवणाऱ्या वाद्यवृंदांत बास गिटार वाजवून काढली. डोक्यावर पदवी आणि हातात गिटार असा हा काळ त्यांच्या घरच्यांनाही सोपा गेला नसणार.

टेक्सासमध्ये राहत असताना १९८९ साली एका चित्रपटगृहात ॲनिमेशनची मूळ रंगवलेली चित्रे मांडलेली त्यांच्या पाहण्यात आली. पारदर्शक कागदावर एकेक स्थिती काढायची आणि कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपायची, हे काम माणूस घरी बसूनही करू शकतो, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी १६ मिलीमीटरचा बोलेक्स कॅमेरा विकत घेतला आणि डलासजवळच्या रिचर्डसन येथील आपल्या घरात लघुपट करायला सुरुवात केली. चित्रे त्यांची, चित्रीकरण त्यांचे, आवाजही त्यांचेच. १९९१ साली त्यांचा ‘ऑफिस स्पेस’ हा लघुपट डलासच्या ॲनिमेशन महोत्सवानंतर कॉमेडी सेंट्रल या वाहिनीने घेतला. १९९२ मध्ये त्यांनी ‘फ्रॉग बेसबॉल’ केला, तो एमटीव्हीच्या ‘लिक्विड टेलिव्हिजन’ या कार्यक्रमात दाखवला गेला, आणि त्यातल्याच दोन पोरांवर आधारलेली ‘बीव्हिस अँड बटहेड’ ही मालिका ८ मार्च १९९३ रोजी सुरू झाली. कॅमेरा हाती आल्यापासून स्वतःची मालिका सुरू होईपर्यंत सुमारे चार वर्षे गेली, म्हणजे तुमच्या अभ्यासक्रमाला लागतात तितकीच.

आता कानावर काय पडले ते पाहू. ‘ऑफिस स्पेस’मधला मिल्टन हा तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा कारकून आहे आणि तो जज यांना नोकरीतच भेटला. एका सहकाऱ्याला त्यांनी सहज ‘कसं काय?’ विचारले, तेव्हा तो गृहस्थ आपले टेबल पुन्हा एकदा हलवले तर आपण नोकरीच सोडणार, असे धुसफुसत सांगू लागला. हा प्रसंग जज यांनी पुढे स्वतःच सांगितला आहे. बीव्हिसचे ते दातांतून येणारे, अस्वस्थ हसू त्यांच्या शाळेतल्या एका हुशार, सगळ्या विषयांत उत्तम गुण मिळवणाऱ्या मुलाचे आहे. हुशार मुलाचे हसू त्यांनी मठ्ठ पोराच्या तोंडी घातले. नक्कल आणि पात्रनिर्मिती यांतला फरक मला इथे फार स्पष्ट दिसतो. नकलाकार त्याच माणसाची आठवण करून देतो, तर पात्र घडवणारा तो आवाज मूळ माणसापासून सोडवून दुसऱ्याच स्वभावावर चढवतो.

म्हणून, तुमची चार वर्षे वाया चालली आहेत असे मला वाटत नाही. कार्यशाळेतले मदतनीस, तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक, वसतिगृहाचे व्यवस्थापक या सगळ्यांचे बोलणे तुम्हाला आज फुकट ऐकायला मिळते आहे. नुसते काय बोलतात ते टिपू नका. श्वास कुठे घेतात, वाक्य कुठे अर्धवट सोडतात, कोणत्या शब्दाआधी घसा खाकरतात, तेही लिहून ठेवा. पदवी पूर्ण करा आणि तिच्याबरोबरच तीस सेकंदांचा एक लघुपट करा. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरण्याची पद्धत रूढ असल्यामुळे सेकंदाला १२ आणि तीस सेकंदांना ३६० चित्रे होतात. आकडा ऐकून दचकू नका. पात्र उभे राहून बोलत असेल तर शरीर तेच राहते आणि फक्त तोंड बदलते. प, फ, ब, भ, म या अक्षरांना मिटलेले ओठ, ‘आ’साठी उघडलेला जबडा, ‘उ’ आणि ‘ओ’साठी चंबू अशी आठ-नऊ तोंडे काढून ठेवली की मराठी संवादाचे बहुतेक काम भागते. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले ‘च’ कानाला वेगळे लागतात, पण कागदावर दोघांना एकच तोंड चालते. मात्र आवाज आधी ध्वनिमुद्रित करा आणि चित्रे नंतर काढा. याचे कारण पुढच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : मी आठ वर्षे परदेशी कार्टून मालिकांचे मराठी आणि हिंदी डबिंग करते. मालिकेचा निर्माता स्वतःच पात्रांना आवाज देतो, ही निव्वळ काटकसर असते की त्यामागे काही कलेचा विचार असतो? आमच्यासारख्या कलावंतांचे काम त्यामुळे कमी होत नाही का? — एक डबिंग कलाकार, पुणे

उत्तर : आपण ज्या टोकाला काम करता, तिथे पात्र आधीच बोलून मोकळे झालेले असते. त्याचे ओठ हललेले असतात, हात उडालेले असतात आणि आपल्याला त्या हालचालींत आपली भाषा बसवायची असते. मी स्वतः काही वर्षे डबिंगसाठी संवाद लिहिले आहेत, त्यामुळे ही कसरत मला चांगली ठाऊक आहे. एकदा मूळ पात्र नुसते ‘मेबी’ म्हणून थांबत होते. पडद्यावर ओठ दोनदा मिटत होते, एकदा ‘म’ला आणि एकदा ‘ब’ला. ‘कदाचित’ लिहावे तर त्यात ओठ एकदाही मिटत नाहीत. ‘बहुतेक’मध्ये एकदाच मिटतात. अर्धा तास डोके खाजवल्यावर ‘बघू मग’ हे शब्द सुचले. मिटण्याच्या जागा जुळल्या, अर्थही प्रसंगाला शोभला आणि काचेपलीकडच्या बाईंनी पहिल्याच टेकमध्ये ते असे म्हटले की मूळ भाषा मराठीच असावी, असे वाटले.

मूळ मालिका घडते तेव्हा हाच क्रम उलटा असतो. आधी संहिता, मग आवाज आणि त्यानंतर चित्र. ध्वनिमुद्रण झाले की त्यातला प्रत्येक उच्चार कोणत्या चौकटीवर सुरू होतो आणि कोणत्या चौकटीवर संपतो, याची नोंद तक्त्यावर केली जाते. या तक्त्याला एक्स्पोजर शीट म्हणतात. चित्रकार तो तक्ता समोर ठेवून तोंडे काढतो, आणि केवळ तोंडेच नव्हे. आवाजात दम लागला असेल तर खांदे वर चढतात, वाक्य ओढून म्हटले असेल तर मान सावकाश वळते. ‘किंग ऑफ द हिल’ची संहिता, आवाज आणि आराखडे अमेरिकेत तयार होत, पण प्रत्यक्ष चित्रांचे मोठे काम दक्षिण कोरियातील स्टुडिओंमध्ये होई. निर्माता प्रत्येक चित्रकाराच्या शेजारी बसू शकत नाही. त्याचा आवाज मात्र तक्त्याबरोबर तिथवर पोचतो. म्हणूनच जज यांच्यासारख्या माणसाने स्वतः आवाज देणे म्हणजे दिग्दर्शन करणेच आहे, असे मी म्हणेन. पात्र कुठे अडखळते, हे त्यांनी आपल्या घशाने ठरवून टाकलेले असते.

काटकसर होती हेही खरे आहे. रिचर्डसनच्या घरात दुसरा कलाकार बोलवायला पैसे कुठले? पण मालिका मोठ्या वाहिनीवर आली, पैसे आले, तरी बीव्हिस आणि बटहेड या दोघांचे आवाज जज यांनी स्वतःकडेच ठेवले. आपल्याकडे यशवंत पाध्ये यांनी घडवलेल्या अर्धवटरावांना पुढे रामदास पाध्ये यांनी बोलते ठेवले, तेव्हा बाहुला एकाचा आणि आवाज तिसऱ्याच कोणाचा असा विचार प्रेक्षकांच्या मनाला शिवला नाही. आवाज आणि आकार एकाच ठिकाणाहून आले की पात्राला असा सांधा न दिसणारा जिवंतपणा येतो. (शब्दभ्रमकाराला तर तो प्रेक्षकांसमोर, ओठ न हलवता साधावा लागतो, ते काम अधिक अवघड, हे इथे नोंदवायला हवे.)

‘किंग ऑफ द हिल’मधले बूमहावर हे पात्र पाहा. तो इतक्या वेगाने आणि इतके शब्द गिळून बोलतो की मूळ इंग्रजी प्रेक्षकालाही अर्धेच कळते. ‘बीव्हिस अँड बटहेड’वर संतापलेल्या एका प्रेक्षकाने फोनवर निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवला होता, त्याच्या दक्षिणेकडच्या हेलातून हा आवाज जज यांना सापडला. असला आवाज संहितेत लिहून दुसऱ्याला समजावणे कठीण. तो ज्याने ऐकला त्यानेच काढावा लागतो.

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तरही याच मालिकेत आहे. ग्रेग डॅनियल्स यांच्यासह ही मालिका उभी करताना जज यांनी मुख्य पात्रांपैकी कुटुंबप्रमुख हँक आणि त्याचा मित्र बूमहावर हे दोनच आवाज स्वतःकडे घेतले. हँकची बायको पेगी ही कॅथी नजिमी यांच्याकडे गेली, शेजारी मित्रांपैकी डेल जॉनी हार्डविक यांच्याकडे, बिल स्टीफन रूट यांच्याकडे. हेच रूट १९९९ साली ‘ऑफिस स्पेस’चा चित्रपट झाला तेव्हा पडद्यावर मिल्टन म्हणून उभे राहिले, म्हणजे जज यांच्या तोंडचे पुटपुटणे एका नटाने वारसा म्हणून घेतले. आणि हँकचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा बॉबी पॅमेला ॲडलन यांच्याकडे आला. त्या कामासाठी त्यांना २००२ साली एमी पारितोषिक मिळाले. मुलाचा आवाज वयात येताना फुटतो, मालिका मात्र वर्षानुवर्षे चालते. त्यामुळे लहान मुलाचे काम स्त्री कलाकाराकडे देण्याची रीत पडली आहे. आपण स्वतः अशी कामे केली असणारच. जाणता निर्माता स्वतःच्या गळ्यात बसतील तेवढीच पात्रे ठेवतो आणि बाकीच्यांसाठी आपल्यासारख्यांकडे येतो.

प्रश्न : ‘बीव्हिस अँड बटहेड’मुळे अमेरिकेत एका लहान मुलाने घराला आग लावल्याचे वाचले. अशा मालिकेचे कौतुक करणे योग्य आहे का? — एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : आपली काळजी मला रास्त वाटते. ऑक्टोबर १९९३ मध्ये ओहायो राज्यात पाच वर्षांच्या मुलाने लावलेल्या आगीत त्याच्या दोन वर्षांच्या बहिणीचा मृत्यू झाला. मुलगा हे या मालिकेतून शिकला, असे आईने सांगितले. त्या घरात केबलची जोडणीच नव्हती, असे शेजाऱ्यांचे म्हणणे पुढे आले. खरे काय असेल ते असो, एक बाळ गेले, आणि त्या दुःखापुढे मालिकेची बाजू लढवत बसणे मला बरे वाटत नाही. एमटीव्हीने मालिका संध्याकाळच्या वेळेवरून रात्री उशिरा नेली आणि आगीचे उल्लेख काढून टाकले. हा निर्णय माझ्या मते योग्यच होता. बीव्हिस आणि बटहेड ही दोन पोरे टीव्हीसमोर बसून मूर्ख कशी होत जातात, हे पाहून मोठ्या माणसाला लाज वाटावी अशी त्यांची रचना आहे; पाच वर्षांच्या मुलाला त्यातली लाज कळत नाही, फक्त कृती दिसते.

आपल्या घरांत अजूनही चित्र हलताना दिसले की ‘कार्टून आहे, बघू दे’ म्हणून मुलांना समोर बसवले जाते. आपण पालकसभेत एवढे जरूर सांगावे की ॲनिमेशन हे चित्रणाचे तंत्र आहे आणि त्यावरून प्रेक्षकाचे वय ठरत नाही. आता ओटीटीवर वयोगटाची खूण कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच दिसते; ती पाहण्याची सवय घरातल्या मोठ्यांनी लावून घ्यावी.

प्रश्न : माझ्या पात्रांवर एक कंपनी मालिका करू इच्छिते. आवाज मीच द्यावा असे त्यांचे म्हणणे आहे. करारात काय पाहावे? — एक चित्रकार, ठाणे

उत्तर : करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये, हे आधी सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. कंपनी ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द बहुधा घालतेच. ते वाचून, त्यांची किंमत करूनच मान्य करावेत. नोकरीत राहून केलेले काम, वेगळा करार नसेल तर, सहसा मालकाचे ठरते, म्हणून आपण कंपनीत रुजू होणार आहात की बाहेरून काम देणार आहात, हेही स्पष्ट असू द्या.

जज यांच्या दोन्ही मालिकांचे हक्क मोठ्या कंपन्यांकडे आहेत. ‘किंग ऑफ द हिल’ तर फॉक्सचा मनोरंजन व्यवसाय डिस्नेने २०१९ साली घेतला तेव्हा त्याच्याबरोबर डिस्नेच्या घरात गेली. पात्रांचा मालक बदलला, पण हँकला बोलायचे असेल तर जज यांनाच बोलवावे लागते. म्हणून पात्राचे हक्क हातचे जाणार असतील तर निदान लेखन आणि आवाज यांसाठी पहिली विचारणा आपल्याकडे व्हावी, असे कलम आग्रहाने घालून घ्या. आपल्या आवाजाची संगणकाने नक्कल करून वापरण्यास मनाई करणारे कलमही हवे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा वापराविरुद्ध अंतरिम आदेश दिला आहे, तो आपल्या वकिलाला ठाऊक असेलच.

प्रश्न : आम्ही १९९८ साली अमेरिकेत आलो आणि ‘किंग ऑफ द हिल’ पाहत इथल्या शेजाऱ्यांचे बोलणे समजून घ्यायला शिकलो. मालिका २०२५ मध्ये पुन्हा आली, तेव्हा हँकचा आवाज तसाच ऐकून डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी आवाज तसाच कसा राहतो? — एक मराठी कुटुंब, न्यू जर्सी

उत्तर : आपले पत्र फार आवडले. १९९७ ते २०१० या काळात तेरा पर्वे आणि २५९ भाग झाल्यानंतर ही मालिका थांबली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ती हुलू या अमेरिकी ओटीटीवर दहा भागांचे नवे पर्व घेऊन परतली, तेव्हा जज बासष्ट वर्षांचे होते. हँकचा आवाज टिकण्याचे एक कारण त्याच्या घडणीतच आहे. तो आवाज ओरडत नाही. जबडा फारसा न उघडता, एका संथ पट्टीत, सभ्य माणूस राग आवरून बोलतो तसा तो चालतो, आणि असा आवाज वयाबरोबर थोडा जाड झाला तरी शोभतो. बीव्हिसचा घसा ताणून काढलेला आवाज पुन्हा लावणे त्या मानाने अधिक कष्टाचे असणार.

या वेळी लेखकांनी पात्रांनाही वाढू दिले. हँक आणि पेगी सौदी अरेबियातील नोकरी संपवून टेक्सासला परततात आणि बॉबी एकवीस वर्षांचा होऊन डलासमध्ये स्वयंपाकघर सांभाळतो. ॲडलन यांचाच आवाज आता तरुणाच्या अंगावर बसला आहे. मला तो ऐकताना प्रत्येक वेळी जुना बॉबी त्याच्या आत दिसत राहतो. लाओसहून आलेल्या कान या शेजाऱ्याचे काम पूर्वी टोबी हस करत, ते आता मलेशियात जन्मलेल्या रॉनी चिएंग यांच्याकडे आले आहे. जॉनी हार्डविक मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. नव्या पर्वातील काही भागांचे त्यांचे ध्वनिमुद्रण झाले होते, उरलेल्या भागांत डेलचा आवाज हस यांनी दिला. पुन्हा पाहाल तेव्हा तो बदल कुठे होतो, याकडे कान द्या. हस यांनी हार्डविक यांची लकब इतक्या आदराने सांभाळली आहे की मला तो दुसऱ्यांदा ऐकल्यावरच कळला. गल्लीतल्या कुंपणापाशी चौघे मित्र बिअरचे डबे घेऊन उभे राहतात आणि एकामागून एक नुसते ‘यप’ म्हणतात, त्या जागी हँक आणि बूमहावर ही दोन्ही उत्तरे आजही जज यांचीच आहेत.